खालचं छत, वरची जमीन

माझी उंची पाच फूट नऊ इंच आणि आमच्या तळघराची पाच फूट आठ. या एका इंचापायी माझी खरी उंची किती, ते मला गेल्या उन्हाळ्यात कळलं.

नगरच्या जुन्या भागात आमचा वडिलोपार्जित वाडा आहे. (२०२४ साली शहराचं अहिल्यानगर झालं, वाड्याने मात्र अजून काही बदलून घेतलेलं नाही.) वाटणीत वरचं माजघर दादाकडे गेलं, तळघर माझ्याकडे आलं. वाटणीपत्रात परसातला पेरू आणि न्हाणीतला हंडासुद्धा होता. तळघरावरून गेलेल्या सागवानी कड्या कोणाच्या, एवढं लिहायचं राहिलं. मला त्या माझं छत वाटत. दादाच्या लेखी त्या नव्हत्याच. कारण त्यांच्यावर फरशी होती, फरशीवर सतरंजी आणि सतरंजीवर आईची खाट.

तळघरात बसायची खोली करायचं ठरलं. मजुरी वाचवायची म्हणून काम मीच हाती घेतलं. पहिल्याच दिवशी कपाळाला टेंगूळ आलं. मी करवत-पटाशी घेतली आणि मधल्या कडीला मधोमध, खालून खाच पाडली. सहा इंचांतले फक्त दोन इंच!

दार बसवायला आलेल्या सुतारमामांना तो ‘फक्त’ काही आवडला नाही. ‘‘साहेब, वरनं वजन आलं की कडी पोटाकडं ताणते. तुम्ही तिचं पोटच कापलंत.’’

मग मलाच शाळेतलं गणित आठवलं. कडीची ताकद तिच्या उभ्या जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलते. सहाचे चार इंच केले, तर लाकूड तिसरा हिस्सा जातं आणि ताकद निम्म्याहून जास्त. हा हिशेब चालू असतानाच वर आईची खाट करकरली.

‘आपल्या हद्दीत आपण काय वाटेल ते करू,’ हे वाक्य मी आजवर फार ठसक्यात म्हणत आलो. पण छत आणि जमीन ही एकाच लाकडाची दोन नावं. लाकडाला वाटणीपत्र वाचता येत नाही.

आमच्याकडे चांदबीबीचा महाल म्हणून दाखवतात, ती खरं तर सलाबतखानाची कबर. तो खाली तळघरात, वर लोक वारा खात हिंडतात. खालच्याने वरच्यांना कधी त्रास दिल्याचं ऐकिवात नाही. मी मात्र अजून जिवंत होतो!

मामांनी लगेच टेकू दिला. दुसऱ्या दिवशी भिंतीपासून भिंतीपर्यंत दोन्ही अंगांनी सागाच्या जाड फळ्या लावून बोल्ट आवळले. कडी सावरली. आता सांगायची गरज काय? दोन दिवस मी हा प्रश्न तात्त्विक असल्याचं स्वतःला पटवलं. तिसऱ्या दिवशी जिना चढलो.

दादा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘आधी आईची खाट भिंतीकडे घे.’’ खाट हलवून झाल्यावर तो खाली आला. त्याची उंची पाच फूट चार. तळघरभर ताठ हिंडला आणि म्हणाला, ‘‘मला तर कुठंच लागत नाही रे!’’

आता मी तिथे वाकूनच वावरतो. त्या बोल्टांकडे बघून पाहुणे विचारतात, ‘‘इथं काय झालं?’’

‘‘इथं मी एकदा ताठ उभा राहिलो होतो,’’ मी सांगतो.