होमकुंडाचं सोवळं

वाटूर फाट्यावर माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, रेलिंग, पाण्याच्या टाक्या ही रोजची कामं. तीन वर्षांपूर्वी गावातल्या एका मामांनी होमकुंड मागितलं, स्टीलचं, 'गंज न चढणारं'. 304 ग्रेडचा स्टेनलेस पत्रा आर्गननं जोडला, अ‍ॅसिड लावून पॅसिव्हेट केला, चांदीसारखं कुंड दिलं. दर पौर्णिमेला होम. दीड वर्षात मामा ते घेऊन परत. बुडाशी राख साचायची, तिथं ताप कमी, काठ वाऱ्यावर, दोन्ही ठीक. मध्ये मात्र चार बोटं रुंद तांबूस पट्टा, नखाला खरबरीत.

"अग्नीनं वस्तू शुद्ध होते ना रे? मग हे बाटलं कसं?"

कुंडभर पत्रा तोच, अ‍ॅसिड तेच. चूक माझी होती, पण मामांचा प्रश्न गंजाचा नव्हता.

स्टीलचं सोवळं म्हणजे वरचा क्रोमियम ऑक्साइडचा थर, दोन-तीन नॅनोमीटरचा. ओरखडा पडला तर हवेतला ऑक्सिजन घेऊन तो पुन्हा धरतो. त्यासाठी पोटात निदान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं. 304 मध्ये 18 च्या आसपास असतं. पण 450 ते 850 अंशांत पत्रा बराच वेळ राहिला, सावकाश निवला, की आतलाच कार्बन क्रोमियमला ओढून कणांच्या सीमेवर कार्बाइड करून बसतो. सीमेलगतचा भाग उघडा पडतो. बाहेरून काही कळत नाही. राखेचं पाणी मुरलं की कळतं. गंमत अशी, की तोच पत्रा 1050 अंशांपर्यंत तापवून झटकन पाण्यात विझवला तर क्रोमियम पुन्हा सगळीकडे मिसळतं. आगच बाटवते आणि आगच सोडवते.

'तावून सुलाखून' हे सोन्याचं बोलणं. सोन्याजवळ जाळायला हीणच असतं. आपल्यासारख्या मिश्रणांना ते सरसकट लावू नये; मधल्या आचेवर रेंगाळलं तर मिश्रण बिघडतं, पुरतं तापलं तरच सुटतं. मामांना म्हटलं, आमच्याच जिल्ह्यातल्या जांबचे समर्थ रामदास बघा. टाकळीला बारा वर्षं तप केल्याचं परंपरा सांगते. बारा दिवसांत उठून आले असते तर? मामा हसले, म्हणाले, "म्हणजे माझा होम मधल्या आचेचा?" मी गप्प बसलो. वडीलधाऱ्याला काय सांगणार!

दुसरं कुंड 304 एलचं करून दिलं, कार्बन 0.03 टक्क्यांच्या आत. पैसे घेतले नाहीत. होम झाला की मामा आता राख काढतात, कुंड धुऊन कोरडं पुसून ठेवतात.