न पाहिलेल्या युद्धाची बातमी

स्वतः न पाहिलेली गोष्ट दुसऱ्याच्या शब्दावरून खरी मानावी का, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद आहे. चार्वाकांनी शब्दप्रमाण नाकारले, बौद्ध तार्किकांनी ते अनुमानात घातले, न्यायदर्शनाने मात्र आप्ताच्या शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानले. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार ज्याने वस्तू साक्षात जाणली आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. मग तो ऋषी असो, आर्य असो वा म्लेच्छ.

हा वाद आजच्या बातम्यांनाही लागू पडतो. उजनी धरणाकाठच्या कंदर, वाशिंबे, केत्तूरसारख्या गावांत धरणाची आणि युद्धाची बातमी एकाच मोबाइलवर येते. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे 60 टक्क्यांच्या आसपास गेली. परगावच्या वाचकाला धरण आटले असे वाटावे. पण तेव्हाही त्यात सुमारे 30 टीएमसी पाणी होते. एकूण 117 टीएमसीपैकी निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे आणि टक्केवारी त्याच्या वरच्या पाण्याची असते. आकडा खोटा नव्हता. शून्य कुठे धरायचे, ते आधीच ठरलेले होते. काठावरचा शेतकरी फसत नाही, कारण मोटारीचा पाइप किती पुढे सरकवावा लागला हे त्याला ठाऊक असते.

युद्धाच्या बातमीतले शून्यही असेच आधी ठरते. गाझाची हकीकत 7 ऑक्टोबर 2023 पासून सांगायची की 1948 पासून, यावर ‘हल्ला’ कोणाचा आणि ‘प्रत्युत्तर’ कोणाचे हे अवलंबून राहते. 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा रशियातल्या माध्यमांना ‘विशेष लष्करी कारवाई’ असेच म्हणणे भाग पडले. इथे पाइप सरकवून पाहण्याची सोय नाही. गाझात तर इस्रायलने परदेशी पत्रकारांना स्वतंत्रपणे जाऊच दिले नाही. पाहणारे उरले ते तिथलेच वार्ताहर. ते पॅलेस्टिनी आहेत एवढ्यावरून त्यांचा शब्द बाद करणे वात्स्यायनाला मान्य झाले नसते. उलट स्टुडिओत बसून ओरडणारा निवेदक त्याच्या पहिल्याच अटीत नापास होतो.

अनुमानाची थोडी मदत होते. कंदर परिसरातली केळी आखाती देशांत जातात. तिकडे भडका उडाला की इथला दर पडू शकतो. पण माल जास्त झाला तरी दर पडतोच, म्हणजे न्यायाच्या भाषेत हेतू व्यभिचारी: खूण एकच, पण ती एकाच कारणाकडे बोट दाखवत नाही. आणि अनुमान खरे ठरले, तरी दर फार तर जलमार्ग अडला एवढेच सांगतो. पहिला बॉम्ब कोणी टाकला, हे सांगत नाही.