फेडलेला हिशेब पुन्हा मागावा काय?



घरात भांडण झाले की आपण आजच्या चुकीवर थांबत नाही. दहा वर्षांपूर्वीचे उणेदुणेही काढतो. हीच सवय न्यायाधीशाला लागली तर?

अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत 1984 च्या कायद्याने 'देखरेखीखालील सुटका' ही पद्धत आली. तुरुंगवास भोगून कैदी घरी येतो, पण पुढे काही वर्षे त्याला अटी पाळाव्या लागतात: अधिकाऱ्याकडे हजेरी लावणे, अमली पदार्थांपासून दूर राहणे, नवा गुन्हा न करणे. अट मोडली तर न्यायाधीश सुटका रद्द करून त्याला पुन्हा तुरुंगात पाठवू शकतो. तिथे सहसा ज्युरी नसते. आरोप खोटा असण्यापेक्षा खरा असण्याची शक्यता अधिक दिसली, तरी पुरते. याविरुद्ध अपील करायचे तर मुदत 14 दिवसांची.

मिळालेली संधी ज्याने स्वतःच घालवली, त्याला अपील कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. पण जून 2025 मध्ये अशाच अपिलांवर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी निर्णय दिला. सुटका रद्द करताना समाजाचे संरक्षण, पुढील गुन्ह्यांना आळा आणि त्या माणसाची सुधारणा यांचा विचार करावा. मूळ गुन्ह्याची परतफेड मात्र मनात धरू नये. ती शिक्षा आधीच दिलेली असते.

ज्याला त्या माणसापासून धोका आहे, त्याचे रक्षण झालेच पाहिजे. त्यासाठी पुन्हा तुरुंगही योग्य ठरू शकतो. परंतु आजची चूक आजच्याच मापाने मोजा, एवढे मागण्याचा हक्क दोषी माणसालाही आहे, असे आम्हाला वाटते.

संत पौलाने फेस्तसमोर उभे राहून कैसराकडे दाद मागितली (प्रेषितांची कृत्ये, अध्याय 25). आपण खरोखर अपराधी असू तर मरणही टाळणार नाही, हे त्याने त्याच वेळी सांगितले. म्हणजे दाद मागणे ही शिक्षेतून पळवाट नव्हे. न्यायावर विश्वास असतो, म्हणूनच माणूस वरच्या न्यायालयाचे दार ठोठावतो.

आपल्या घरात मात्र वरचे न्यायालय नसते. मुलगा पुन्हा दारू पिऊन आला, भावाने पुन्हा शब्द मोडला, की निकाल आपणच देतो. म्हणून 'तू नेहमीचाच असा' हे शब्द ओठांवर येतील तेव्हा क्षणभर थांबू या. आपण आजची चूक दाखवतो आहोत, की कधीच फेडलेला हिशेब पुन्हा वसूल करतो आहोत?

– प्रमुख धर्मगुरू