सुरुंग आणि टोणगा

कीर्तनात अर्जुनाचा विषाद सुरू झाला की मी दरवेळी एकाच जागी अडतो. अर्जुनाने रथ दोन्ही सैन्यांच्या मधोमध न्यायला लावला, म्हणून त्याला तोंडं दिसली. आजोबा, गुरू, मामा, मेहुणे. हातातून गांडीव गळालं ते तोंडं दिसली म्हणून. मी सॅपर. खडकीला शिकून निघालो, आणि माझ्या वाट्याला जे आलं त्यात तोंड कुणाचंच दिसलं नाही.

कारगिलचं सगळे विचारतात. मला सांगायचंय ते त्यानंतरचं, लढाई झालीच नाही तेव्हाचं. 13 डिसेंबर 2001 ला संसदेवर हल्ला झाला, ऑपरेशन पराक्रम सुरू झालं आणि सीमेवरच्या शेतांत आम्ही माइन लावायला उतरलो. गहू वीतभर आला होता. पायदळासाठीची माइन म्हणजे प्लास्टिकची लहानशी डबी. दहा-पंधरा किलोचा भार पडला की पुरे. खड्डा, डबी, माती, नकाशावर खूण, तारेचं कुंपण, लाल त्रिकोण. काम शिस्तीत झालं. मनात राग नव्हता, बक्षिसाची आशा नव्हती, आणि हुकूम वरून आलेला, म्हणजे कर्ताही मी नव्हे. गीतेच्या अटी यापेक्षा काटेकोर कोण पाळणार? माइन तर आमच्याही पुढे गेलेली. तिला शत्रू आणि मित्र सारखेच.

उन्हाळ्यात एका शेतकऱ्याची म्हैस हिरव्याच्या ओढीने तार तुडवून आत गेली. आवाज झाला. ती पडली नाही, तीन पायांवर उभी राहिली. मालक तारेबाहेर, आम्ही प्रॉडरने जमीन टोचत वाट काढतोय, आणि ती आमच्याकडे बघतेय. ती माइन माझ्या हातची होती का? सांगता येत नाही. नोंदीत तुकडी असते, हात नसतो. गवळ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला म्हशीचं तोंड वाचता येतं, एवढंच माझं त्यात वेगळं.

आमच्यातलेच रामा राघोबा राणे. कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्सचे, जिवंतपणी परमवीरचक्र मिळालेले पहिले. एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर त्यांनी वरून गोळ्या चालू असताना सुरुंग काढले, झाडांचे अडथळे उडवले, रणगाड्याच्या पोटाखाली त्याच्याबरोबर सरपटत वाट दाखवली. लावणारा निघून जातो, काढणाऱ्याला तिथेच अंग घालावं लागतं. पूर्वी मी याला शौर्य म्हणून मोकळा व्हायचो. आता वाटतं, धर्माच्या हिशेबातही या दोन हातांत फरक असावा.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउली अहिंसेवर खूप वेळ थांबतात. यज्ञासाठी पशू मारणाऱ्यांना सोडत नाहीत, एक जीव वाचवायला दुसऱ्या जिवांचा काढा करणाऱ्या वैद्यांनाही नाही. मग अहिंसक माणूस पाऊल कसं टाकतो ते सांगतात, पायाखाली काय येईल या धास्तीने, हळुवार. कीर्तनकार तिथे डोळे मिटतो. मला प्रॉडर आठवतो.

निवृत्तीनंतर येरवड्यात वडिलांचा गोठा सांभाळायला घेतला. सुरुंग सुटले, असं वाटलं होतं.

म्हैस व्याली आणि पारडी झाली तर घरात खरवस वाटतात. टोणगा झाला तर चीक तेवढाच निघतो, पण माणसं गप्प असतात. टोणग्याला दूध पाजायचं म्हणजे गिऱ्हाइकाचं दूध कमी करायचं. कित्येक गोठ्यांत त्याला मारत नाहीत, नुसता पान्ह्यापुरता सोडतात आणि लगेच ओढून बांधतात. महिन्याभरात तो ‘जातो’. मारलं कुणी? कुणीच नाही. 2015 पासून राज्यात बैल-वळूच्या कत्तलीवरही बंदी आली, म्हैसवर्ग तिच्यात नाही. आणि याच रेड्याच्या तोंडून माउलींनी वेद वदवले, जुन्नर तालुक्यात आळ्याला त्याची समाधी आहे, तिथे आपण नारळ फोडतो.

मी टोणग्याला एक सड पूर्ण सोडतो, मोठा झाला की विकतो. कुठे जाणार ते मला ठाऊक असतं आणि मी ते घरात उच्चारतो. सुनेला ते आवडत नाही. ती म्हणते, “मामंजी, विकायचाच आहे तर गप्प विका ना.”

इथून जवळच्या तुरुंगात 1930 साली गांधीजी दर मंगळवारी आश्रमाला व्रतांवर पत्र लिहीत, त्यांत अहिंसा आहेच. पण मला त्यांचं 1928 चं प्रकरण जवळचं वाटतं. साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होतं. गांधीजींनी डॉक्टरकडून विषाचं इंजेक्शन देववलं, स्वतःच्या समोर. देशभरातून शिव्या आल्या. बरोबर-चूक ठरवायला मी लहान आहे. मला ‘समोर’ हा भाग पटतो. त्यांनी ते वासरू कुणाच्या टेम्पोत चढवून दिलं नाही.

शेजारचे बुवा आळंदीचे वारकरी. त्यांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, “हवालदार, तुम्ही बघितलंत म्हणून टोणग्याची वेदना कमी झाली का? बघण्याचाही अहंकार असतो.” याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि बहुधा ते खरं आहे. टोणग्याला माझ्या नजरेचा काही उपयोग नाही. पण न बघता केलेलं काम थांबत नाही, हे मी सीमेवर शिकलो. डबी पुरल्यावर हात मोकळा होतो आणि लगेच पुढची डबी उचलतो. बघणारा हात थोडा तरी अडखळतो. गोठ्यात मी म्हशींची संख्या वाढवली नाही, ती याच अडखळण्यातून.

बुवांनी मनुस्मृती काढली. आमच्या वस्तीत ते नाव कुणी सहज घेत नाही, पण पाचव्या अध्यायातली यादी त्यांनी सांगितली : परवानगी देणारा, मारणारा, कापणारा, विकणारा, विकत घेणारा, शिजवणारा, वाढणारा, खाणारा, सगळे घातक. “विकणारे तुम्ही आहात यात,” ते म्हणाले.

“आहे,” मी म्हणालो. “दूध पिणारा कुठे आहे?”

बुवांनी यादी पुन्हा बोटांवर मोजली. दोन लिटर म्हशीचं रोज त्यांच्याकडेही जातं, आणि त्यांचे पैसे, हे सांगितलंच पाहिजे, कधी थकत नाहीत.