देवघरातली भाषा, घरातली भाषा

मी रेवदंड्याची. कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की कोर्लई. किल्ल्याच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वाडीतली बाई माझ्याशी वालाच्या शेंगांचा भाव मराठीत करते आणि लगेच लेकीवर खेकसते ती पोर्तुगीज वळणाच्या बोलीत. पोर्तुगीज १७४० मध्ये इथून, चौलातून, निघून गेले; बोली राहिली.

पण ती चर्चच्या वेदीपर्यंत कधी पोहोचलीच नाही. मिस्सा लॅटिनमध्ये, प्रार्थना पुस्तकी पोर्तुगीजमध्ये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मराठी आली. घरची बोली उंबऱ्याबाहेरच. मग देवाशी बोलायचं कुठल्या भाषेत? आपण तरी त्यांना काय हसायचं! ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली १२९० मध्ये, आणि आमच्याकडे संकल्प अजून संस्कृतात सुटतो, यजमानाला एक अक्षर न कळता.

अडचणीचा प्रश्न पुढेच आहे. ही बोली टिकली ती धर्म आणि जात या दोन भिंतींमुळे. हिंदू शेजाऱ्यांशी सोयरीक नाही, म्हणून वाडी आपल्यातच बोलत राहिली. भिंती पडाव्यात असंच मला वाटतं, बोली गेली तरी. अर्थात मला हे म्हणायला काय जातं. माझी मराठी कुठे जात नाहीये.