डबल बेल

आबांची सगळी नोकरी एसटीत, कराड-सातारा मार्गावर कंडक्टर म्हणून गेली. चालत्या गाडीत उभं राहायची सवय इतकी, की निवृत्तीनंतरही घरात ते फारसे बसत नसत. साठी उलटल्यावर मात्र दोन घासांतच पोट भरल्यासारखं वाटू लागलं आणि वजन उतरत गेलं. दुर्बिणीची तपासणी झाली, तुकडा तपासायला गेला आणि जठराचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी उपचारांचा क्रम सांगितला: आधी केमोचे चार डोस, दर दोन आठवड्यांनी एक. मग काही आठवडे थांबून ऑपरेशन आणि त्यानंतर पुन्हा चार डोस.

घर हादरलं आणि लगोलग सेवेला लागलं. हॉलमध्ये कॉट आली. आंघोळीचं पाणी सून काढून देऊ लागली, चष्मा नातू आणून देऊ लागला. आबा उठू लागले की तीन दिशांनी हाक येई, “उठू नका, काय हवं ते सांगा!”

“मी काय काचेचा हाय व्हय?” आबा पहिल्या आठवड्यात म्हणाले. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांनी तेही म्हणायचं सोडलं.

दुसरा डोस झाल्यावर फिजिओथेरपिस्ट ताईंनी त्यांची चालण्याची चाचणी पुन्हा घेतली. चाचणी साधीच असते. व्हरांड्यात 30 मीटरवर दोन खुणा, त्यांच्यामध्ये सहा मिनिटं जमेल तेवढं चालायचं. धावायचं नाही, दम लागला तर थांबायची मुभा. उपचार सुरू होण्याआधी आबा 435 मीटर चालले होते. आता आकडा 350 वर आला.

“केमोनं एवढं खाल्लं?” मुलानं विचारलं.

“सगळं केमोनं नाही,” ताई म्हणाल्या. “थोडं कॉटनंही खाल्लंय.”

मग त्यांनी नीट समजावलं. केमोमुळे रक्त कमी होतं, थकवा येतो, स्नायू झिजतात. त्यात जेवण कमी. या सगळ्यावर माणूस पडूनच राहिला तर स्नायू आणखी वेगानं जातात. जठराचं ऑपरेशन मोठं असतं. त्यानंतर काही दिवस हृदयाला आणि फुप्फुसांना नेहमीपेक्षा जास्त काम पडतं. ज्याच्याकडे शिल्लक ताकद कमी, त्याला न्यूमोनियासारख्या गुंतागुंतीचा धोका जास्त. “म्हणून ऑपरेशनपर्यंतचा काळ वाट बघायचा नाही, तयारीचा समजा.”

त्यांनी कार्यक्रम लिहून दिला. रोज थोडं चालणं. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणं-बसणं. पाण्याच्या भरल्या बाटल्या घेऊन हातांचे व्यायाम. तीन चेंडूंच्या यंत्रातून श्वास ओढणं. खाणं थोडं थोडं, पण त्यात अंडं, दूध, डाळ हवी. केमोतल्या एका औषधानं गार वस्तूला हात लागला की मुंग्या येतात आणि गार हवेनं घसा आवळल्यासारखा होतो, म्हणून पहाटे नको, ऊन पडल्यावर निघायचं. तळवे बधिर होतात, म्हणून चप्पल नको, बूट हवेत.

“आन् किती जोरात चालायचं?” आबांनी विचारलं.

“बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत.”

“मग थांब्यांची नावं घेतो की,” आबा म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत आवाज येऊ लागला: “उंब्रज... काशीळ... अतीत... नागठाणे...” नाव अर्ध्यावर तुटलं की ते वेग कमी करत. आठवडाभरात जेवणही दोन घास वाढलं.

हे बघून मुलाला उत्साह चढला. त्यानं बातमीही वाचली होती. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या पुढाकारानं 889 रुग्णांवर झालेला अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला होता. तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम करणाऱ्यांपैकी आठ वर्षांनी शंभरात सुमारे 90 जण हयात होते. ज्यांना फक्त माहितीपुस्तिका दिली, त्यांच्यात सुमारे 83. मुलानं फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं, आबांच्या खिशात पावलं मोजणारा फोन घातला आणि रोज दहा हजारांचं लक्ष्य ठरवून टाकलं.

तिसरा डोस होऊन आठ दिवस झाले होते. सकाळी आबा म्हणाले, “आज नगं. अंगात कसकस हाय.”

“आबा, आज सोडलं तर उद्याही सोडाल. चला!”

आबा उठले. गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि ओट्यावर बसले. थांब्याचं एकही नाव तोंडातून निघालं नव्हतं. मुलाच्या आईनं थर्मामीटर लावला तर ताप 101 च्या वर. केमो चालू असताना ताप म्हणजे थेट हॉस्पिटल, हे तिला पाठ होतं. पांढऱ्या पेशी उतरल्या होत्या. शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं आणि चार दिवसांनी धोका टळला.

वॉर्डात ताई आल्या तेव्हा मुलगा मान खाली घालून म्हणाला, “आता ऑपरेशन होईपर्यंत यांना कॉटवरून हलू देत नाही.”

“म्हणजे पुन्हा पहिल्या ठिकाणी,” ताई म्हणाल्या. “तुम्ही वाचलेला अभ्यास खरा आहे. पण तो मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा, ऑपरेशन आणि केमो दोन्ही संपलेल्या रुग्णांचा. यांचा आजार वेगळा, टप्पा वेगळा. इथे व्यायाम कॅन्सर बरा करायला नाही, ऑपरेशन झेपावं म्हणून आहे. आणि ज्याला आपण औषध म्हणतो, त्याला मात्राही असते.”

आबा इतका वेळ छताकडे बघत होते. ते म्हणाले, “ताई, गाडी ड्रायव्हर चालवतो, पर निघती कंडक्टरच्या बेलवर. दोन बेल म्हंजे चला, एक म्हंजे थांबा. आत गर्दी किती, पायरीवर कोण लटकतंय, ते त्यालाच दिसतं. आधी ह्यांनी गाडी सुटूच दिली नाही, मग थांबूच दिली नाही. दोन्ही येळेला बेलची दोरी ह्यांच्याच हातात.”

मुलगा काही बोलला नाही.

ताईंनी दोरी आबांच्या हातात दिली, पण नियम घालून. ताप, छातीत दुखणं, चक्कर, न थांबणाऱ्या उलट्या, काळी शौच, बसल्या जागी दम, यातलं काहीही असलं तर एकच बेल आणि लगेच फोन. यातलं काही नसेल आणि नुसता कंटाळा असेल, तर दारापर्यंत तरी जायचं आणि पुढचं तिथे ठरवायचं. मुलाकडेही एक काम आलं: रोज सकाळी विचारायचं, “आज किती बेल?” आणि उत्तर येईल त्याप्रमाणे बरोबर चालायचं, पुढे नाही की मागे नाही.

चौथा डोस झाला. काही दिवस बेल एकच पडली, बऱ्याच दिवशी दोन. ऑपरेशनआधीच्या चाचणीत आबा 420 मीटर चालले. पहिल्याइतके नाही, पण भूलतज्ज्ञांनी समाधानानं मान हलवली. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी ते खुर्चीत बसले, मग सलाइनच्या स्टँडला धरून चार पावलं टाकली. मुलानं नळ्या सांभाळल्या, पण आबांचा दंड धरला नाही. पुढचे चार डोस अजून व्हायचे होते आणि आबांचं काय होईल हे कुणीच छातीठोकपणे सांगितलं नव्हतं.

तात्पर्य: आजारी माणसाला झोपवून ठेवणं आणि त्याला रेटत नेणं, या दोन्हींत एकच दोष असतो. त्याच्या शरीराचा निर्णय दुसराच घेतो. व्यायाम किती आणि कसा, हे जाणकाराकडून ठरवून घ्यावं. आज किती झेपेल, ते मात्र रुग्णाला विचारावं आणि त्याचं उत्तर ऐकावं.