धुक्यातली वाट आणि आपले कर्तव्य



हिमालयात बर्फ पडला की त्याचा गारठा दिल्लीपर्यंत येतो. दिल्लीत बर्फ पडत नाही, पण डिसेंबरच्या अखेरीपासून नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम या सगळ्या परिसरावर धुके उतरते. 200 मीटरपलीकडचे दिसेनासे झाले की हवामान खाते त्याला दाट धुके म्हणते. 50 मीटरपलीकडचेही दिसले नाही तर अतिदाट. अशा पहाटे कामावर निघणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एक प्रश्न येतो : आज जावे की राहावे?

प्रश्न साधा वाटतो, पण आपण कर्तव्य कशाला म्हणतो हे त्यातून कळते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. शरीराला कष्ट होतील या भीतीने कर्म सोडणे हा राजस त्याग आहे आणि त्याचे फळ मिळत नाही. 'आज फार थंडी आहे' म्हणून पांघरूण ओढून घेताना आपण नेमके हेच करतो. आपण घरी राहतो आणि आपल्या वाट्याचे काम दुसऱ्या कोणाला तरी करावे लागते.

एवढे वाचून 'काहीही झाले तरी गेलेच पाहिजे' असे वाटेल. पण थांबा. त्याच अध्यायात पुढे तामस कर्माचे वर्णन आहे : परिणाम, हानी, हिंसा आणि स्वतःचे सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने आरंभलेले कर्म. समोरचे दिसत नसताना वेळ गाठण्यासाठी गाडी पळवणारा माणूस स्वतःला कर्तव्यदक्ष समजतो. पण त्याची ओढ कामाकडे असते की हजेरीच्या शेऱ्याकडे? रस्त्याच्या कडेने सायकलवर निघालेल्या मजुरालाही त्या सकाळी कामावरच पोहोचायचे असते.

म्हणजे आळस हा एक दोष आणि आंधळी घाई हा दुसरा. दोन्हींच्या मुळाशी 'मी'च आहे : एकीकडे माझा त्रास, दुसरीकडे माझे नाव.

मग खरे कर्तव्य कसे असते? रेल्वेकडे पाहा. धुक्याच्या रात्री एक कर्मचारी सिग्नलच्या 270 मीटर आधी रुळावर पटाखा बसवतो. इंजिनाच्या चाकाखाली तो मोठ्याने वाजतो आणि चालकाला कळते की सिग्नल जवळ आला. गाडीतले प्रवासी त्या माणसाला कधीच पाहत नाहीत. चालकही वेग कमी करतो, गाडीला उशीर होतो, लोक चिडतात. तरी तो उशीर हेच त्याचे कर्तव्यपालन असते. यमुना एक्स्प्रेस वेवरही हिवाळ्यात हलक्या वाहनांची वेगमर्यादा ताशी 100 वरून 75 किलोमीटरवर आणतात. तिथे हळू जाणे हाच धर्म.

आणखी एक बाजू आहे. कोणाला घरून काम करता येते. पण परिचारिकेला, दूध पोहोचवणाऱ्याला, रोजंदारीवरच्या कामगाराला तशी मुभा नसते. रोजंदारीवाल्याचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. म्हणून कर्तव्य फक्त येणाऱ्याचे नसते, वाट पाहणाऱ्याचेही असते. तुमच्या हाताखाली माणसे असतील, तर धुक्यामुळे झालेल्या उशिराचे पैसे कापू नका. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंना 'आज सावकाश या' असा फोन आदल्या रात्रीच करा.

पुढच्या वेळी अशी सकाळ उजाडली की मनाला तीन प्रश्न विचारून पाहावेत :

1. आज मी गेलो नाही तर कोणाचे अडेल?
2. माझ्या जाण्याने वाटेत कोणाला धोका आहे का?
3. मी गैरसोय टाळतो आहे की खरोखर विचार करतो आहे?

उत्तर 'जावे' असे आले तर तासभर आधी निघावे, मेट्रोने जावे आणि उशीर होणार असेल तर तसे खरेखुरे कळवावे. उत्तर 'राहावे' असे आले तर घरी बसून होईल तेवढे काम मनापासून करावे. दोन्ही मार्गांनी कर्तव्य होऊ शकते. त्यात दुसऱ्याचा विचार मात्र हवा.